पुठ्ठ्याची खाज

नणंदेच्या तोंडून भावजयीचं कौतुक ऐकलं की लोक आधी नणंदेच्या तब्येतीची चौकशी करतात. माझी तब्येत ठणठणीत आहे. टपाल कचेरीत खिडकीमागं बसून उभा जन्म माणसं बघितल्यामुळं मी कुणावर सहजासहजी खूश होत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आज मी वहिनीबद्दल चांगलंच बोलणार आहे. मधे एक काळ असाही गेला की मी तिच्याशी धड बोलत नव्हते, तेही ओघात येईल.

आमच्या घरात खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर आम्ही. कारखाना म्हणायचं ते बाबांना बरं वाटावं म्हणून, एरवी ती एक लांबुळकी खोली आहे. रस्त्याच्या अंगाला मोठी खिडकी, मधोमध टेबल, भिंतीपाशी पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र आणि फळ्यांवर कापडाचे नि कागदाचे गठ्ठे. हा धंदा दादानं पुढं चालवावा अशी बाबांची फार इच्छा होती. पण माझ्या या भावाला कागदाच्या धुळीनं शिंका येतात. लहानपणी तो नुसता जिना उतरून खाली आला तरी नाक लाल करून वर जायचा. शेवटी तो विजेच्या सामानाच्या दुकानात लागला आणि बाबांनी ती आशा सोडून दिली.

मग वहिनी आली. नव्याची नवलाई संपायच्या आत एक दिवस ती खाली गेली आणि बाबांना म्हणाली, "बाबा, मी इथं बसू का? काही करत नाही, नुसतं बघते." नुसतं बघता बघता तिनं फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायला घेतले, मग पुस्तकाचा कणा गोल करायला, मग खळ लावायला. बाबा शिकवताना गोड बोलत नसत. पान वाकडं बसलं की काही न बोलता उचकटून तिच्यापुढं ठेवायचे. मी असते तर त्यांच्या डोक्यात ते पुस्तक घातलं असतं. वहिनी निमूटपणे पुन्हा लावायची. दोघं दिवसभर शेजारी बसायची आणि चार वाक्यांपलीकडं बोलायची नाहीत, पण कुणाला काय हवंय ते न मागता हातात यायचं. आई मला म्हणायची, तुझ्या बापाला मुलगा हवा होता तो सुनेच्या रूपानं मिळाला बघ.

पुढं आई गेली आणि बाबांचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून ते कामाला हात लावत नाहीत. खिडकीपाशी त्यांची लाकडी खुर्ची आहे, तिथं बसून ते शिवायच्या दोऱ्याला मेण लावतात आणि वहिनीच्या चुका काढतात. दोन्ही कामं त्यांना मनापासून आवडतात.

पुठ्ठा आला तो पुठ्ठ्यांच्याच खोक्यातून. माल उतरवून घेतला आणि खोकं फोडलं तर आत पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर एक पिल्लू झोपलेलं. कुठं शिरलं, कसं शिरलं, देव जाणे. रंगही नेमका तसाच, करडा-पिवळा. "मालातलाच आहे," बाबा म्हणाले, आणि नाव पडलं. आई गेल्यावर बाबा जे आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हते ते या कुत्र्याशी बोलायला लागले. तो त्यांच्या खुर्चीच्या आणि वहिनीच्या स्टुलाच्या मधे आडवा पडायचा. त्याची जागा ठरलेली होती.

तो चांगला मोठा झाल्यावर खाज सुरू झाली. आधी मागचा पाय उचलून खाजवणं. लाकडी जमिनीवर त्याचं हाड टकटक वाजायचं आणि आत उभं असलेलं गिऱ्हाईक दाराकडं वळून बघायचं. मग पंजे चावणं, मग पोटाखाली लाल चट्टे, कानांना आंबूस वास, काखेतले केस गेलेले. खाजवून खाजवून त्यानं मानेवर जखम केली. एकदा एका गृहस्थाच्या नव्या कोऱ्या वहीच्या पांढऱ्या पानावर रक्ताचा थेंब उडाला आणि वहिनीला ते सगळं काम पुन्हा करावं लागलं.

सल्ले फुकट असतात, त्यामुळं ते भरपूर मिळाले. कुणी म्हणालं तेल चोळा, कुणी म्हणालं मिठाच्या पाण्यानं धुवा. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, सरळ टक्कल करून टाका, खाजवायला काही उरलंच नाही म्हणजे झालं. वहिनीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पुठ्ठ्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली.

डॉक्टरीणबाई घाईत नसतात, हे मला त्यांचं आवडतं. त्यांनी सांगितलं, खाज ही नुसती तक्रार आहे, तिच्यामागं कोण आहे ते शोधायचं. पिसवा असतील, त्वचेतले बारीक किडे असतील, हवेतलं काही असेल, नाहीतर खाण्यातलं. एकेक बाद करत जायचं. वहिनी घरी येऊन म्हणाली, "आपल्यासारखंच आहे त्यांचं. आधी सगळं उसवायचं, मग कुठं फाटलंय ते कळतं." तिला एकदा एखादी गोष्ट आपल्या कामासारखी वाटली की ती करायची पद्धत तिला कुणी शिकवावी लागत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घराचं इस्पितळ झालं. मानेला पिसवांच्या औषधाचे थेंब, तेही न चुकता. अंथरूण उकळत्या पाण्यात. बाहेरून आला की चारही पंजे ओल्या फडक्यानं पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच आत. जखमेला तोंड लावू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. तो भोंगा घेऊन तो दारातून गेला की चौकट हलायची आणि बाबा मान खाली घालून हसायचे. जखम भरली तसा भोंगा गेला.

आणि आंघोळ. औषधी शाम्पूचा फेस अंगावर बराच वेळ तसाच ठेवायचा, तोवर कुत्र्यानं अंग झटकायचं नाही, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. कुत्र्याला हे कोण सांगणार? वहिनी त्याला टबात उभं करायची, दोन्ही हातांनी धरायची आणि त्याच्याशी बोलायची. शिवणीचा टाका कसा घालायचा, कणा किती फुगतो, अमक्या गिऱ्हाइकाला मरून कापड का शोभत नाही, सगळं त्याला सांगायची. तो कान पाडून ऐकायचा. एकदा तिला शिंक आली नि हात सुटला, तर मी, दादा आणि भिंत, तिघं पांढरे झालो. वहिनी हसली नाही. "आता फेस पुन्हा लावावा लागणार," एवढंच म्हणाली आणि बाटली उचलली.

या सगळ्यानं चट्टे थोडे निवळले, पण खाज गेली नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खाणं तपासू. त्यानं कधीच खाल्लं नसेल असं काहीतरी द्यायचं आणि दोन महिने दुसरं काही म्हणजे काही नाही. आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता, म्हणून मासा आणि रताळं ठरलं. एक जरी कण दुसरा गेला तर सगळं पहिल्यापासून. "चाटलेलंसुद्धा मोजायचं," असं त्यांनी बजावलं.

हे सांगायला सोपं आहे. आमच्या घरात पुठ्ठ्यावर प्रेम करणं म्हणजे त्याला गुपचूप काहीतरी देणं. दादा पावाचे काठ द्यायचा, मी दुधाच्या भांड्याचा तळ द्यायचे, बाबा चहाबरोबरचं अर्धं बिस्कीट द्यायचे आणि चष्मेवाला चीज द्यायचा. प्रत्येकाला वाटायचं आपणच एकटे. वहिनीनं सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि ते बंद केलं. जेवून उठलं की साबणानं हात धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. ती माझे हातसुद्धा हुंगून बघायची, आणि मी नोकरी करणारी बाई, मुकाट हुंगू द्यायचे. गिऱ्हाइकांसाठी तिनं चामड्याची पट्टी करून त्याच्या गळ्यात बांधली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, "मी पथ्यावर आहे. मला काही देऊ नये." एका बाईंनी त्या अक्षरांचं तोंडभर कौतुक केलं आणि पर्समधून बिस्कीट काढलं. वहिनीनं त्यांचं मनगट हवेतच धरलं.

डोळ्यांत तेल घालून दोन महिने काढले, आणि खाज होती तिथंच होती. डॉक्टरीणबाईंनी त्याचे पंजे उलटून बघितले आणि सरळ विचारलं, "घरातलं कुणी काही देतंय का?"

वहिनी म्हणाली, "शोधते."

दादाचा धीर तिथंच सुटला. तो वाईट माणूस नाही, पण रोज टकटक ऐकून आणि रक्त पुसून तो कंटाळला होता. म्हणाला, "हे बघ, आणखी एकदा कर. या वेळीही जमलं नाही तर त्याला माझ्या मित्राच्या रोपवाटिकेत पाठवू. मोकळी जागा आहे, हवा आहे. इथं डांबून आपण त्याचे हाल करतोय." बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. पुठ्ठा गेला तर त्यांचं काय होणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्यांदा पथ्य सुरू करायच्या आदल्या दिवशी वहिनीनं कारखाना झाडून काढला, तर बाबांच्या खुर्चीखाली बिस्किटाचा चुरा निघाला. ती केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. मग खुर्चीसमोर खाली बसली आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, तुम्ही देता का त्याला?"

बाबांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता भडकणार. पण ते म्हणाले, "देत असेन."

"देत असेन म्हणजे?"

"म्हणजे देतो. हो. दिलं मी."

वहिनी रागावली नाही. तिनं खुर्ची उचलली आणि वर नेऊन गॅलरीत ठेवली. "दोनच महिने, बाबा," ती म्हणाली. "तो राहावा म्हणून." बाबांचे गुडघे जिन्याला कुरकुरतात, त्यामुळं वर बसवलं म्हणजे वरच बसवलं. दिवसभर पुठ्ठा खाली, ते वर. रात्रीही तो स्वयंपाकघरामागच्या बोळात दार लावून झोपायचा आणि त्याची चावी वहिनीच्या कमरेला असायची.

मी संतापले. ज्या माणसानं हातात सुई धरायला शिकवलं त्याला त्याच्याच कारखान्यातून उठवून वर ठेवायचं? मी तिला तोंडावर सांगितलं, "कुत्र्यासाठी माणसाला हद्दपार केलंस." ती म्हणाली, "माणसासाठीच केलं." मला ते तेव्हा कळलं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. कितीतरी दिवस मी तिच्याशी मीठ दे आणि दार लाव यापलीकडं बोलले नाही.

आणि गंमत बघा, पुठ्ठा सुधारायला लागला. त्या सुमारास एका वाचनालयाचं मोठं काम आलं होतं. जुने ग्रंथ सगळे उसवायचे आणि नव्यानं शिवून काढायचे, पुठ्ठे-कापड नंतर एकदम. वहिनी सकाळपासून सुई-दोरा घेऊन बसायची. इकडं चट्टे फिके पडले. पंजे चावणं थांबलं. काखेत मऊ लव दिसायला लागली. टकटक इतकी कमी झाली की चष्मेवाला विचारायला आला, कुत्रं गेलं का? दादा खूश झाला. सगळे मनातल्या मनात एकच म्हणत होते, की बाबाच होते. वहिनी तेवढी म्हणाली नाही, पण तिच्याही चेहऱ्यावर ते होतं.

बाबा मात्र गप्प गप्प झाले. म्हातारपण एकदम चढल्यासारखं झालं. रात्री रक्तदाबाची गोळी घ्यायची असते, ती घेऊन झाली तरी ते मला हाक मारायचे. "मी गोळी घेतली का गं?" मी म्हणायचे, "आत्ताच घेतलीत की." मग नळ बंद केला का, ते विचारायचे. मग पुन्हा गोळीचं. मला वाटलं, खुर्ची हलवली म्हणून मन मारून बसलेत. तो रागही मी वहिनीच्याच खात्यावर टाकला.

वाचनालयाची शिवण संपली. आता पुठ्ठे चढवायचे, कापड लावायचं. वहिनीनं खळीचं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं आणि मोठा ब्रश काढला. आमच्याकडं खळ रोज ताजी होते, गव्हाच्या पिठाची, नुसती पाण्यात शिजवलेली. बरेच बाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात विषारी औषध घालतात, पण बाबांनी ते कधी घातलं नाही, हात फुटतात म्हणून. तर पुठ्ठे चढायला लागले, आणि काही दिवसांत पुठ्ठ्याची टकटक परत आली. मग चट्टे आले. मग एका सकाळी त्यानं पंजा चावून रक्त काढलं.

बाबा तर वर होते. त्यांनी पुठ्ठ्याला धड बघितलंही नव्हतं. मी जिन्यात उभी राहून मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी." वहिनीनं मान वर केली नाही. दादा म्हणाला, "आता पुरे. रविवारी मित्र गाडी घेऊन येतोय."

शनिवारी तिनं मला खाली बोलावलं. बोलणं नव्हतं तरी बोलावलं, हे लक्षात घ्या. म्हणाली, "ताई, आज कचेरी अर्धा दिवसच आहे ना तुमची? इथं बाबांच्या जागेवर बसा. मी रोजच्यासारखं काम करते. तुम्ही माझ्याकडं बघू नका, त्याच्याकडं बघा. तो काय खातो ते मला सांगा."

दार आतून लावलं. मी स्टूल घेऊन खिडकीपाशी बसले. पुठ्ठा आपल्या जागी आडवा. वहिनी कापडाला खळ लावायची, पुस्तकाचा पुठ्ठा उचलून त्यावर ठेवायची, कडा दुमडायची, हाडाच्या पट्टीनं घोटायची आणि पुस्तक शिकंज्यात घालायची. मग दुसरं. मी कुत्र्यावरची नजर हलवली नाही. त्यानं जांभई दिली. एक माशी बघितली. पंजा चाटला. एक उरकून दुसरं घ्यायच्या आधी वहिनीचा डावा हात क्षणभर खाली लोंबायचा तेव्हा तो मान उचलून तिचा हात चाटायचा आणि परत पडायचा. शिकंजा भरत आला तरी त्यानं जमिनीवरचं काही उचललं नाही.

मी म्हटलं, "काही नाही खाल्लं. माझी शपथ."

वहिनीनं पट्टी खाली ठेवली. हात धुवायला उठली आणि नळापाशी जाऊन थांबली. नळ सोडलाच नाही. उजवा हात पुढं धरून बघितला, त्याच्यावर खळ वाळून पांढरी झाली होती. डावा पुढं धरला.

"ताई," ती म्हणाली, "माझा हा हात स्वच्छ कसा?"

मी बघितलं. बोटांच्या पेरापेरांत, नखांच्या कडांना, कुठं खळीचा कण नव्हता. कापड दाबून धरायचा तो हात. दिवसभर खळीत बुडालेला असतो तो.

घरभर सगळ्यांचे हात हुंगत फिरणारी बाई ती. भाकरतुकडा, दूध, बिस्कीट, सगळं तिनं मोजलं होतं. पण बाइंडरच्या घरात खळीला कुणी खाणं म्हणत नाही. खळ म्हणजे काम. माशाला जसं पाणी दिसत नाही तशी आम्हाला खळ दिसत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. शिवणीच्या दिवसांत खळ नव्हती, म्हणून तो सुधारला होता.

यानंतर वहिनीनं जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. कारण सापडणं हा निम्मा नशिबाचा भाग असतो. तिनं हात धुतले, ॲप्रन काढून बाजूला ठेवला आणि तडक जिना चढून वर गेली. मी मागोमाग. बाबा गॅलरीत बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुम्ही नव्हतात. मी होते. माझ्या हाताची खळ चाटत होता तो. मी तुम्हाला उगाच वर बसवलं. चुकले मी."

बाबा म्हणाले, "नक्की आहे?"

"नक्की नाही. डॉक्टरीणबाईंना विचारायचंय, पुन्हा बघायला लागेल. ते कुत्र्याचं. तुम्ही उठा, मला खुर्ची न्यायचीय."

मी म्हटलं, "अगं, आधी खात्री तरी होऊ दे." मीच, जी इतके दिवस बाबांच्या बाजूनं भांडत होते. तर ती म्हणाली, "वर नेताना कुठं खात्रीसाठी थांबले होते?" आणि ती जड खुर्ची तिनं एकटीनं खाली नेली. जिन्याच्या वळणावर तिचा हात भिंतीला घासला, तरी मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी दादा आल्यावर त्यालाही तेच सांगितलं, तितक्याच शब्दांत. चष्मेवाल्यावर ती चीजवरून डाफरली होती, त्याच्या दुकानात जाऊन त्यालाही सांगितलं. खिडकीमागून मी रोज चुका करणारी माणसं बघते. त्या कबूल करताना प्रत्येक जण आधी आपली बाजू मांडतो. हिनं बाजू मांडलीच नाही.

रविवारी रोपवाटिकेची गाडी आली नाही. दादानंच नको म्हणून कळवलं होतं. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "खळ बंद असताना बरा, सुरू झाल्यावर आजारी. याहून चांगली परीक्षा मलाही घेता आली नसती. आता गहू पूर्ण तोडा आणि बघू."

पण बाइंडरनं गहू तोडायचा म्हणजे काय करायचं? बाजारचा डिंक वहिनीला पसंत नाही, पुस्तक ताठ होतं म्हणते. बाबा खिडकीपाशी मेणाचा तुकडा चोळत होते. ते म्हणाले, "आमचे उस्ताद तांदळाची करायचे." आणि मग दोऱ्यावरून नजर न उचलता त्यांनी सगळं सांगितलं. तांदूळ भिजवून बारीक वाटायचा. फडक्यातून गाळायचा. थंड पाण्यात कालवून मगच चुलीवर ठेवायचा, मंद आचेवर, एकाच दिशेनं ढवळत. पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसली की उतरवायची. पहिल्या वेळी वहिनीच्या खळीत गुठळ्या झाल्या. बाबा म्हणाले, "घाई केलीस, सूनबाई." तिनं पातेलं रिकामं केलं आणि पुन्हा लावली. कितीतरी दिवसांनी मला ती दोघं पूर्वीसारखी दिसली.

तांदूळ पुठ्ठ्याला सोसतो की नाही हेही डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली बघून झालं. सोसला. तरी वहिनीनं डावा हात लोंबू द्यायची सवय सोडली. अवघड गेलं तिला. हात आपोआप खाली जायचा, मग ती दचकून वर घ्यायची आणि पुठ्ठा तिच्याकडं असा बघायचा की जणू तिनं त्याचा विश्वासघात केला. तिनं स्टुलाला ओलं फडकं बांधून घेतलं. आधी हात पुसायचा, मग त्याच्या डोक्यावर ठेवायचा. अजूनही ती तसंच करते.

पुठ्ठा पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे सांभाळत राहायचं असतं. हवा बदलली की कान बघावे लागतात, पंजे पुसणं चालू आहे, आंघोळीत अजूनही भिंत पांढरी होते. पण चट्टे गेले, काखा भरल्या आणि पुन्हा पथ्याचे दोन महिने झाले तरी टकटक परत आली नाही. बाबा त्या सगळ्या दिवसांत आपल्या खुर्चीत होते, आणि तो त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला.

शेवटच्या तपासणीहून आल्यावर वहिनीनं बाबांना सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कातडी एकदम छान आहे."

बाबांनी दोरा बाजूला ठेवला. "मी इतके दिवस इथंच बसलोय ना?"

"हो, बाबा."

"चहाही इथंच घेतोय."

"हो."

"आणि तो बरा आहे." त्यांनी पुठ्ठ्याच्या मानेवरून हात फिरवला. "म्हणजे मी तेव्हाही दिलं नव्हतं."

"मी त्याच दिवशी म्हणाले की तुम्हाला."

"तू म्हणालीस, सूनबाई. पण मला आठवत नव्हतं. दिल्याचंही नाही आणि न दिल्याचंही नाही. चुरा तर होताच खुर्चीखाली. थरथरत्या हातातून सांडला असेल हे तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, ही काही उगाच विचारायची नाही. म्हणजे माझंच डोकं काम देईनासं झालं. म्हणून हो म्हणालो."

वहिनी खाली बसली, जमिनीवरच, पुठ्ठ्याच्या शेजारी. लग्न होऊन आल्यापासून मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. बाबांनी आपला थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "पुरे. ब्रश वाळतोय तुझा." ती उठली आणि कामाला लागली.

त्या रात्री भांडी आवरून झाली तरी बाबांची हाक आली नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं, म्हणून मीच त्यांच्या खोलीत डोकावले आणि विचारलं, "बाबा, गोळी घेतलीत का?"

"घेतली," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे."